सांगा पाहू, सख्यांनो! दहा प्रश्न आणि त्यांच्यामागचं "का"



मागच्या पावसात ग्रामसंघाच्या बैठकीत हिशेब लवकर आटोपला. बाहेर सरीवर सर येत होती, घरी जायला कुणी उठेना. म्हणून मी म्हटलं, चला, सामान्यज्ञानाचे प्रश्न खेळू. पहिलाच प्रश्न टाकला, "शेकडा महिना दोन रुपये व्याज म्हणजे वर्षाचं व्याज किती टक्के?" पंचवीसेक जणी बसल्या होत्या. कुणी पदर सावरला, कुणी जमिनीकडे बघितलं, पण बोललं कुणीच नाही. शेवटी उत्तर मीच सांगितलं.

बैठक संपली. चपला घालताना एक ताई हळूच म्हणाल्या, "मला येत होतं हो. पण चुकलं असतं तर सगळ्या हसल्या असत्या." या ताई गेली आठ वर्षं गटाचं लेजर लिहितात!

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आपल्याच बायांमध्ये उत्तर सांगायला जी कचरते, ती बँकेच्या काउंटरवर, तलाठी कार्यालयात, कर्जाच्या कागदावर सही करताना प्रश्न कसा विचारणार? तिथं गप्प बसण्याची किंमत पैशात मोजावी लागते, कधी जमिनीत, कधी जिवावरही बेततं. म्हणून या वेळचा पाठ प्रश्नोत्तरांचा.

कसा खेळायचा? एका ताईनं प्रश्न मोठ्यानं वाचायचा. मनात वीस आकडे म्हणेपर्यंत थांबायचं. मग प्रत्येकीनं काही ना काही उत्तर द्यायचंच. चुकलं तर दंड नाही. मात्र दुसरीच्या चुकीवर जी हसेल, तिनं पुढच्या बैठकीचा चहा करायचा. आणि नुसतं उत्तर वाचून पुढे जायचं नाही, "असं का?" हे एकदा तरी विचारायचं.

प्रश्न १. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, मिरी, तूर. यातलं मूळचं आपल्या देशातलं काय?

उत्तर : फक्त मिरी आणि तूर. बाकी चारही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेकडच्या बेटांवर पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यानंतर ही पिकं जहाजांतून आपल्याकडं आली आणि इथलीच होऊन गेली.

म्हणजे संत ज्ञानेश्वरांच्या काळात, तेराव्या शतकात, आपल्याकडं मिरचीचा ठेचा नव्हता! तिखटाला मिरी, पिंपळी, आलं वापरत. आणखी गंमत ऐका. उपवासाच्या खिचडीत काय काय असतं? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावाही तिकडचाच. म्हणजे आपली उपवासाची खिचडी जवळजवळ सगळी परदेशी! ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्यं मात्र फार जुनी. ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली.

शब्दही असेच आले. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार आणि रोज हातात असणारं घमेलं, हे सगळे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले आहेत.

प्रश्न २. "बीजमाता" म्हणून कोणाला ओळखतात?

उत्तर : राहीबाई पोपेरे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण वाल, भात, भाजीपाला यांचं गावरान बियाणं त्यांनी जमवलं, जपलं आणि बायांच्या गटांमधून पसरवलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बियाणं माणसाबरोबर फिरतं हे पहिल्या प्रश्नात पाहिलं. ते जपलं नाही तर नाहीसंही होतं. तुमच्या सासूबाईंच्या उतरंडीत कोणतं बी होतं? आज ते गावात कुणाकडं आहे? हा प्रश्न बैठकीत जरूर विचारा.

प्रश्न ३. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते?

उत्तर : उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशाला उकळतं आणि तिथंच थांबतं. एकदा उकळी फुटली की खाली कितीही मोठा जाळ करा, पाणी जास्त तापत नाही, फक्त वाफ होऊन जातं आणि गॅस वाया जातो. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी जवळपास १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून डाळ लवकर शिजते.

डोंगरावर याच्या उलट. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळेल, म्हणजे डाळ शिजायला वेळ लागेल.

लक्षात ठेवायचं एवढंच : उकळी फुटली की गॅस बारीक. पातेल्यावर झाकण ठेवा आणि डाळ आधी भिजत घाला.

प्रश्न ४. धोंड्याचा महिना दर वर्षी का येत नाही?

उत्तर : साधी वजाबाकी आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष मात्र ३६५ दिवसांचं. दर वर्षी ११ दिवस कमी पडतात. साधारण दोन वर्षं आठ महिन्यांत ही तूट एका महिन्याएवढी होते, आणि मग एक महिना जास्तीचा धरून हिशेब जुळवतात. तोच अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ.

हा महिना धरला नसता तर दिवाळी सरकत सरकत पावसाळ्यात, मग उन्हाळ्यात गेली असती. मुस्लिम पंचांगात असा जास्तीचा महिना धरत नाहीत. म्हणून रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडं येतो आणि सगळ्या ऋतूंमधून फिरतो.

प्रश्न ५. "आज २० मिलिमीटर पाऊस झाला" म्हणजे तुमच्या पत्र्यावर किती हंडे पाणी पडलं?

उत्तर : नियम पाठ करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. समजा तुमचं छप्पर १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. म्हणजे ५० चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस झाला तर ५० गुणिले २० बरोबर १,००० लीटर. हंडा १५ लीटरचा धरला तर सहासष्ट हंडे!

थोडं सांडतं, थोडं उडतं, सगळं काही हाती लागत नाही. पण उन्हाळ्यात एका हंड्यासाठी आपण किती चालतो, ते आठवा. पन्हळ लावून, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून देऊन, पुढचं पाणी गाळून टाकीत घेतलं तर वापरायला होतं, गुरांना होतं. गटाच्या आराखड्यात हा विषय मांडताना हाच हिशेब सांगा.

प्रश्न ६. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप कोणते? आणि साप चावल्यावर पहिलं काम काय?

उत्तर : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. बहुतेक साप बिनविषारी असतात, पण ओळखण्यात वेळ घालवायचा नाही.

मण्यार जास्त करून रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. "अपचन झालं असेल" म्हणून घरातच थांबलं तर जीव जातो. घोणस आणि फुरसे यांच्या विषानं सूज येते आणि रक्त गोठणं बंद होतं.

काय करायचं? माणसाला धीर द्या, चालवू नका. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की ते रुततात. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या.

काय करायचं नाही? कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, मांत्रिकाकडं न्यायचं नाही. साप मारून सोबत नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडं मिळणारं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. घोड्याला विषाचे अगदी थोडे डोस देतात, त्याच्या रक्तात विषाशी लढणारे घटक तयार होतात, त्यापासून हे औषध बनतं.

पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री परसात जाताना बॅटरी घ्या.

प्रश्न ७. १८९७ या वर्षाचा आणि सावित्रीबाई फुले यांचा काय संबंध?

उत्तर : १८४८ आपल्याला माहीत असतं. त्या वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८९७ कुणी फारसं सांगत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, मग ती पुण्यात पोहोचली. लोक घरं सोडून पळत होते. सावित्रीबाई तेव्हा पासष्टीच्या पुढच्या. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. मायलेकांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला. एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणलं आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच वर्षी १० जानेवारीला, म्हणजे बरोबर दोन महिने आधी, मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची नवी लस पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. मुंबईत परळला असलेली हाफकिन संस्था ती त्याच्याच नावाची. एकानं लशीसाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, एकीनं रुग्णासाठी. आपण लेकराला लस टोचायला अंगणवाडीत नेतो, तेव्हा ही दोन नावं त्याला सांगा.

प्रश्न ८. १२,००० रुपये कर्ज, महिना २ टक्के, बारा हप्ते. व्याज किती?

उत्तर : वर्षाचा दर २४ टक्के, हे त्या ताईंना येत होतंच. पण खरा प्रश्न पुढं आहे. व्याज कशावर लावलंय?

आपल्या गटात व्याज राहिलेल्या मुद्दलावर लावतात. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज २४०, दुसऱ्याचं २२०, तिसऱ्याचं २००, असं उतरत बाराव्या महिन्याला फक्त २० रुपये. सगळं मिळून १,५६० रुपये.

"फ्लॅट" व्याज असेल तर? दर महिन्याला पूर्ण बारा हजारांवरच २४० रुपये. बारा महिन्यांचे २,८८० रुपये. दर तोच "दोन टक्के", पण खिशातून १,३२० रुपये जास्त गेले. ज्या मुद्दलाची फेड झाली, त्यावरही आपण व्याज भरत बसलो.

म्हणून कुणीही दारात कर्ज घेऊन आलं तर तीन प्रश्न मोठ्यानं विचारा. व्याज उरलेल्या मुद्दलावर की पूर्ण रकमेवर? शेवटपर्यंत मी एकूण किती रुपये भरणार? व्याजाशिवाय दुसरी कोणती कपात आहे? उत्तरं कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला जो टाळतो, त्याचं कर्ज घ्यायला घाई करू नका.

प्रश्न ९. बँक बुडाली तर ठेवीदाराला किती रकमेपर्यंत विम्याचं संरक्षण आहे?

उत्तर : एका बँकेत एका ठेवीदाराला, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ती १ लाख होती. त्याच बँकेत तुमची दोन-तीन खाती असली तरी सगळी मिळून पाच लाखच धरतात. विम्याचा हप्ता बँक भरते, आपल्याला काही भरावं लागत नाही.

सहकारी बँकांनाही हा विमा आहे. पण पतसंस्था, भिशी, "वर्षात दामदुप्पट" म्हणणाऱ्या योजना यांना तो नाही. नावात बँकेसारखं काही असलं म्हणून ती बँक होत नाही. पैसे ठेवण्याआधी विचारा, "तुमच्या ठेवींना विमा आहे का?"

प्रश्न १०. सातबाऱ्याला "सातबारा" का म्हणतात? आणि त्यावर लेकीचं नाव येतं का?

उत्तर : गावच्या महसुली दप्तरात ठरावीक नमुने असतात. नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, त्यावर कोणाचे हक्क आणि बोजे. नमुना बारा म्हणजे त्यात कोणती पिकं घेतली. दोन्ही एका कागदावर येतात, म्हणून सातबारा.

त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि आपण बोलतो गुंठ्यात. तेव्हा लक्षात ठेवा : ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर, १०० आरचा एक हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकर एकोणीस गुंठे. सातबाऱ्यावर ४० आर दिसले तर समजा, एक एकराला थोडं कमी.

आता लेकीचं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून बदल झाला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानंच मुलाएवढा हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. "पण वडील तर २००५ च्या आधीच वारले" असं सांगून पुष्कळ जणींना परत पाठवत. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला निकाल दिला की, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या या कायद्यानं मोडत नाहीत. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबांचे वारसा कायदे वेगळे आहेत. आदिवासी कुटुंबांनाही तो आपोआप लागू होत नाही.

भावानं "एक सही कर गं ताई, कागदपत्रांचं काम आहे" म्हणून पुढं केलेला कागद पुष्कळदा हक्कसोड पत्र असतं. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र मागं घेणं फार अवघड. भावाला जमीन द्यायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. माहेर तुटू नये म्हणून सोडलीत, तर त्यात कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण काय सोडलं, किती सोडलं, हे माहीत असून सोडा. सही करण्याआधी कागद घरी आणा, दोघींकडून वाचून घ्या. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथं कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत मोफत मिळते.

झटपट पाच

१. एक युनिट वीज म्हणजे किती? १,००० वॅटचं उपकरण एक तास चालणं. एका युनिटात ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे १११ तास चालतो, जुना ६० वॅटचा बल्ब सोळा-सतरा तासच.

२. मोबाईलवर आपल्याकडं पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागतो का? नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन.

३. गटाची पंचसूत्री कोणती? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, अचूक नोंदी.

४. नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला कधी सुरुवात केली? १९९२ मध्ये, प्रयोग म्हणून ५०० गटांपासून.

५. पंचायतीत महिलांना किती जागा राखीव? ७३ व्या घटनादुरुस्तीनं देशभर किमान एक तृतीयांश. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या.

आणि हे आकडे चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा : तातडीची कोणतीही मदत ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, रुग्णवाहिका १०८.

पुढच्या बैठकीचं काम

त्या ताईंना मी या पाठाचा कच्चा कागद दाखवला. आठव्या प्रश्नातली बेरीज त्यांनी तोंडी केली, माझ्याआधी. मी म्हटलं, "आता बैठकीत हा प्रश्न तुम्हीच समजावून सांगायचा." त्या आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "फळा आणि खडू द्या, मग सांगते."

तुमच्या गटातही अशी एक ताई नक्की आहे. तिला शोधा, खडू तिच्या हातात द्या. आणि प्रत्येक गटानं रोजच्या जगण्यातला एक प्रश्न काढा, ज्याचं उत्तर कुणालाच आलं नाही असा. दवाखान्यातला, रेशनचा, बियाण्याचा, आभाळातला, कोणताही चालेल. तो इतिवृत्तात लिहा आणि सीआरपी ताईंकडं द्या. आलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधून पुढच्या अंकात देऊ. प्रश्नाखाली गटाचं नाव लिहायला विसरू नका.